गरोदरपणातील सूज : साधी कोणती, धोक्याची कोणती?

"सातवा लागला की पायावर सूज यायचीच," असे घरोघरी वडीलधाऱ्या बायका सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

गरोदरपणात शरीरातील पाणी वाढते. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून रक्त परत आणणाऱ्या शिरांवर पडतो. त्यामुळे दिवसभर उभ्याने काम केले की संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज येते आणि रात्रीच्या झोपेनंतर बरीच उतरते. ही सूज साधी.

काय करावे? दिवसातून दोन-तीन वेळा पायाखाली उशी घेऊन पडावे. झोपताना कुशीवर झोपावे. घट्ट पैंजण काढून ठेवावेत. पाणी भरपूर प्यावे. मीठ बंद करण्याची गरज नाही. लोणचे-पापड बेताने खावे. सूज उतरवण्यासाठी लघवीच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढावा.

औंध म्हटले की राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार आठवतात. पण सवय असलेल्या भगिनींनीही या काळात ते डॉक्टरांना विचारूनच घालावेत. सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास चालणे बहुतेकींना मानवते. यमाईच्या डोंगराचा नवस बाळंतपणानंतर फेडलेला बरा.

आता धोक्याची सूज. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसणे, बोटातली अंगठी निघेनाशी होणे, जोडीला डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणे ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा अधिक आणि लघवीत प्रथिने आढळली, तर झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. एकच पाय सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे हेही तितकेच गंभीर. अशा वेळी सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तो मोजल्याशिवाय कळत नाही. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नये. सासूबाईंनी सुनेला सोबत घेऊन जावे. सूज मात्र अंगावर काढू देऊ नये.