एक सत्र परदेशात, परीक्षा अमरावतीची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली काही वर्षं वाशीम, रिसोड, कारंजा या भागातली मुलं-मुली एक नवाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. 'सर, एक सेमिस्टर बाहेर करता येतं का?' बाहेर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे. जर्मनी, फ्रान्स, जपान, अमेरिका. तेही पूर्ण पदवीसाठी नाही. चार-पाच महिने जायचं, शिकायचं, परत यायचं आणि पदवी आपल्याच महाविद्यालयाची घ्यायची. सोबत आलेल्या वडिलांचा पहिला प्रश्न असतो, खर्च किती? दुसरा, व्हिसा मिळेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या मते त्यांचा नंबर नंतरचा. आधी हे विचारायचं, की मुलानं तिकडे उत्तीर्ण केलेले विषय इकडे धरले जातील का? याचं उत्तर कागदावर 'हो' असं मिळालं नसेल, तर बाकी सगळी धावपळ व्यर्थ आहे. मुलगा परत येतो तेव्हा त्याचे सोबती पुढच्या वर्गात गेलेले असतात आणि त्याला राहिलेलं सत्र पुन्हा करावं लागतं.

आधी हा प्रकार नीट समजून घेऊ. एक सत्र परदेशात करण्याचे ढोबळमानानं दोन रस्ते. पहिला अदलाबदलीचा. दोन विद्यापीठांचा करार असतो. त्यांचा विद्यार्थी इकडे येतो, आपला तिकडे जातो आणि प्रत्येकजण आपापल्या घरच्या संस्थेची फी भरतो. म्हणजे वाशीमच्या मुलानं इथली काही हजारांची फी भरली, की तिकडची शिक्षणाची फी त्याला माफ. दुसरा रस्ता स्वतःच्या पैशानं पाहुणा विद्यार्थी म्हणून जाण्याचा. त्यात तिकडची फी भरावी लागते आणि अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांत ती लाखांत जाते. एजंट मंडळी ज्याला 'सेमिस्टर अब्रॉड पॅकेज' म्हणतात, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारातलं असतं. त्यात फसवणूकच असते असं मी म्हणत नाही. पण समोरच्याला हे दोन शब्द विचारावेत, 'अदलाबदल की पाहुणा?' उत्तर देताना तो घुटमळला, तर आपण उठावं.

हा सगळा प्रकार आपल्याला नवा वाटतो, पण महाराष्ट्रानं तो दुसऱ्या बाजूनं पूर्वीच पाहिला आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या लहान महाविद्यालयांचा एक संघ आहे, असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट. या संघानं १९६९ मध्ये आपले पदवीचे विद्यार्थी पुण्याला पाठवायला सुरुवात केली आणि हा उपक्रम पुण्यात पुढं अनेक वर्षं चालला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचं त्याला सहकार्य होतं. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन महाविद्यालयात शिकवत, तेही या संघातलंच. त्यांचा या उपक्रमाशी जवळचा संबंध होता. ही मुलं पुण्यातल्या मराठी घरांत राहत, मराठी शिकत, एखाद्या विषयावर स्वतंत्र प्रकल्प करत आणि परत गेल्यावर हे सगळं त्यांच्या पदवीत धरलं जाई.

यातली दोन महाविद्यालयं मला मुद्दाम सांगावीशी वाटतात. एक आयोवा राज्यातल्या ग्रिनेल गावचं, दुसरं त्याच राज्यातल्या डेकोरा गावचं लूथर महाविद्यालय. दोन्ही गावं दहा हजारांच्या आतली. आपल्या वाशीम शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७८ हजारांच्या वर होती. आयोवाची पिकं म्हणजे मका आणि सोयाबीन. म्हणजे सोयाबीनच्या शेतांमधून उठून ही पोरं पुण्याला येत होती. गाव लहान म्हणून त्यांचं काही अडलं नाही, कारण तयारी संस्थेनं केली होती. सुरुवातीच्या वर्षांत तर निघण्याआधी अमेरिकेतच त्यांचे मराठीचे आणि भारताच्या ओळखीचे वर्ग होत, मग विमान. आपली मुलं मात्र आधी विमानाचे दर पाहतात.

आता आपल्या घरच्या कागदाकडे येऊ. वाशीम जिल्ह्यातली कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाला संलग्न आहेत. संलग्न म्हणजे अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, गुणपत्रिकाही विद्यापीठाची. त्यामुळे 'प्राचार्य हो म्हणाले' एवढ्यावर भागत नाही. बाहेरचे विषय ग्राह्य धरण्याचा अधिकार विद्यापीठाकडे असतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हातात असतात, तरी पदवी शेवटी विद्यापीठच देतं. म्हणून अर्ज प्राचार्यांमार्फत अमरावतीला जायला हवा आणि उत्तर लेखी यायला हवं. विद्यापीठाचे कोणत्या परदेशी संस्थांशी करार आहेत हे विचारताना 'आज चालू असलेले' असा शब्द घालावा. करारांना मुदत असते आणि मुदत संपलेल्या कराराचा फोटो भिंतीवर तसाच राहतो.

या साऱ्यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे 'लर्निंग अग्रीमेंट', आपण त्याला अभ्यास-करार म्हणू. युरोपात इरॅस्मस नावाची योजना १९८७ पासून चालते. तिथे हा कागद निघण्यापूर्वीच तयार होतो. विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार, हे त्यात समोरासमोर लिहिलेलं असतं. खाली विद्यार्थी, घरची संस्था आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या. ज्याच्या हाती हा कागद आहे, त्याला परत आल्यावर कोणाच्या मेहरबानीवर राहावं लागत नाही.

त्यात थोडं गणितही येतं. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटसाठी स्वतःच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचं काम मोजतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. म्हणजे त्यांचे तीन ते आपले दोन, असा ढोबळ हिशेब. पण आकडा जुळला म्हणजे विषय जुळला असं नाही. रसायनशास्त्राच्या मुलीनं तिकडे छायाचित्रण आणि स्पॅनिश घेऊन ३० क्रेडिट आणले, तर ती हुशार ठरेल, पण तिचं भौतिक रसायनशास्त्र तसंच राहील. मुख्य विषयाचे पेपर आधी जुळवावेत, हौसेचे नंतर. प्रात्यक्षिकांचं वेगळं विचारावं, तिथेच जास्त अडतं.

केंद्राची 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. आता सगळं आपोआप जमा होतं, असा अनेकांचा समज आहे. ते खातं म्हणजे पासबुक. त्यात नोंद संस्थेनं करायची असते. परदेशी संस्थेशी मिळून पदवी देण्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियमही आहेत. त्यातल्या 'ट्विनिंग' प्रकारात परदेशी संस्थेतून ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात. पण इकडच्या संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण, राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पहिल्या शंभरात जागा किंवा उत्कृष्ट संस्थेचा दर्जा, यांपैकी काहीतरी लागतं. हा रस्ता संस्थेनं बांधायचा आहे, एकट्या विद्यार्थ्यानं नाही.

मग वेळापत्रक. याचा विचार फारसं कोणी करत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. आपली हिवाळी परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे, उन्हाळी परीक्षा उन्हाच्या तडाख्यात. म्हणजे जर्मनीला ऑक्टोबरात निघायचं तर इकडचं विषम सत्र अर्धवट, आणि परत येईपर्यंत सम सत्रही अर्धं गेलेलं. एका सत्रासाठी दोन सत्रं अडकतात. अमेरिकेचं शरदातलं सत्र ऑगस्टच्या अखेरीला सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं. ते आपल्या तिसऱ्या किंवा पाचव्या सत्राशी बरंच जुळतं. म्हणून देश निवडताना नकाशाच्या शेजारी कॅलेंडरही टांगावं. मुलगा पाचव्या सत्रात जाणार असेल, तर चौकशी दुसऱ्या सत्रात सुरू व्हावी, म्हणजे हातात दीड वर्ष राहतं. नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षाचाही पर्याय आहे आणि तोवर मुलं थोडी मोठी झालेली असतात, हेही मला सोयीचं वाटतं.

आता पैसा. करार असेल तर इरॅस्मस प्लस योजनेतून युरोपात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला, देशानुसार, महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि अंतराप्रमाणे प्रवासभत्ता मिळू शकतो. मुक्काम दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंतचा. मात्र या सत्राच्या योजनेत विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही, त्याची निवड घरच्या संस्थेकडून होते. पुन्हा गाडी घरच्या कागदावर आली.

करार नसेल तर राहण्या-जेवण्याचा खर्च दाखवावा लागतो. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी महिन्याला ९९२ युरो हा आकडा धरला. एवढी रक्कम बंद खात्यात आधी जमा करायची आणि दरमहा हप्त्यानं काढायची, अशी तिथली रीत आहे. आपल्याकडे अशा वेळी बापाची नजर शेताकडे जाते. पण शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. कारण २००२ च्या ज्या सरफेसी कायद्यानं बँक तारण ताब्यात घेते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मग सावकार उरतो. एका सत्रासाठी सावकाराच्या दारात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मदतीची मुदत पाहावी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ मध्ये ते लंडनला पोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. आपण तर चार महिन्यांचं बोलतोय. तरी शिष्यवृत्ती चार महिन्यांची आणि परीक्षा पाचव्या महिन्यात, असं होत नाही ना, एवढं तपासायला हवं.

पासपोर्टचं थोडक्यात सांगतो. वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. अडचण बहुधा नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. हे आधी दुरुस्त करून घ्यावं, त्यात महिने जातात. व्हिसाबद्दल एकच. युरोपचा पर्यटकांचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो. सत्र त्याहून मोठं, म्हणून त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो.

काही मुलांना मी सरळ सांगतो, आत्ता जाऊ नकोस, पदवी पूर्ण कर. त्याला कारण आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत, पदवीच्या एका सत्राला त्या लागू होत नाहीत. आपल्या मानोरा, मंगरुळपीर भागातल्या तांड्यावरच्या मुलीनं किंवा मजुराच्या मुलानं चार महिन्यांसाठी घर कर्जात घालण्यापेक्षा पदवीला चांगले गुण मिळवून या शिष्यवृत्तीवर दोन वर्षं जावं. ही हुशारांना मागे ओढण्याची गोष्ट नाही, हिशेबाची आहे.

राहता राहिली अदलाबदलीची दुसरी बाजू. आपला एक तिकडे जाणार म्हणजे तिकडचा एक इकडे यायला हवा. 'वाशीमला कोण येणार?' असं म्हणून आपण हसतो. पण वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्ये इथेच सापडला. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. कारंज्याच्या जैन भांडारांत प्राकृत, अपभ्रंश पोथ्या आहेत. डॉ. हिरालाल जैन अमरावतीला प्राध्यापक असताना त्यांनी या पोथ्यांवर काम केलं आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. जगात जिथे-जिथे भारतीय भाषा शिकवतात, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला हे सत्र नक्की हवंसं वाटेल. त्यासाठी राहायला चांगलं घर, मराठी शिकवणारा एक शिक्षक, भांडाराच्या विश्वस्तांची परवानगी आणि आलेल्या मुलीची जबाबदारी घेणारं एक माणूस, एवढं आधी ठरावं लागेल. पाच-सहा पानांचा प्रस्ताव होईल तेवढा. तो अमरावतीला गेला, तर आपल्या मुलाच्या अर्जासोबत पाठवायला आपल्याकडेही काहीतरी असेल.