पासपोर्टवरच्या खालच्या दोन ओळी

पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात. त्या कुणी वाचत बसत नाही. मला मात्र त्यांचा नाद कॉलेजात असल्यापासून आहे. कुणा नातेवाइकाचा पासपोर्ट हाती आला की तो आधीच बजावतो, "फोटोला हसू नकोस हं." मी फोटो बघतच नसतो. माझं लक्ष त्या दोन ओळींमधल्या काहीशा ओबडधोबड, पण एकमेकांपासून चटकन वेगळ्या ओळखू येणाऱ्या अक्षरांवर असतं.

प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरं. पहिल्या ओळीतली पहिली पाच 'पी', एक उघडा कोन आणि 'आयएनडी' यांत जातात. उरलेल्या ३९ घरांत माणसाचं अख्खं नाव बसवायचं. आडनाव आधी, मग दोन कोन, मग बाकीची नावं. जागा उरली तर शेवटपर्यंत कोनच कोन. नाव लांबलं तर कापायचं. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत. आणि मधूनमधून एकेक परका अंक, जो पानावर वर कुठेच सापडत नाही. तो पडताळ्याचा अंक. समजा कुणाचा जन्म १ मे १९६० चा, म्हणजे महाराष्ट्राच्या बरोबरीचा. यंत्राच्या लेखी ती तारीख ६००५०१. या सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं. बेरीज येते ७८. दहाने भागून बाकी ८. तो ८ तारखेच्या शेपटीला चिकटतो. यंत्राने एखादं शून्य चुकून इंग्रजी 'ओ' असं वाचलं, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. या व्यवहारात माणसाच्या जन्माचं शतक मात्र गळून पडतं. यंत्राला त्याची फिकीर नाही.

हे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे. मॉन्ट्रियलच्या या संस्थेने १९८० मध्ये 'दस्तऐवज ९३०३' पहिल्यांदा काढला आणि मग जगभरच्या पासपोर्टांची ठेवण हळूहळू एका साच्यात आली. अक्षरं कोणती वापरायची हेही त्यातच ठरलेलं आहे: ओसीआर-बी. ती काढणारा माणूस होता एड्रियन फ्रुटिगर.

फ्रुटिगर (१९२८ ते २०१५) हे नाव अक्षररचनेत काम करणाऱ्यांना नवं नाही. १९५७ चा 'युनिव्हर्स' टाइप त्यांचा, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरच्या पाट्यांची अक्षरंही त्यांचीच. त्यांच्यावरच्या लेखांत ओसीआर-बीला मात्र दोनचार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो. साठच्या दशकात अमेरिकेत यंत्राला वाचता यावी म्हणून ओसीआर-ए नावाची अक्षरं तयार झाली. चौकोनी, तुटक, डोळ्यांना टोचणारी. यंत्र खूश, माणूस हैराण. युरोपातल्या संगणक उत्पादकांच्या संघटनेला असा टाइप हवा होता, जो यंत्र वाचेल आणि माणसालाही वाचवेल. हे काम फ्रुटिगरकडे आलं. ओसीआर-बी १९६८ मध्ये बाहेर आला आणि १९७३ मध्ये त्याला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला.

यातली खरी मेहनत अक्षर देखणं करण्याची नव्हती. एका अक्षरावर दुसरं ठेवून बघायचं आणि किती भाग झाकला जातो, किती बाहेर उरतो ते मोजायचं. इंग्रजी आठ आणि 'बी', शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' या जुळ्यांना एकमेकांपासून पुरेसं लांब नेलं नाही, तर यंत्र फसणार. आणि फार लांब नेलं, तर माणूस म्हणणार, हे कसलं बी! फ्रुटिगरने प्रत्येक जोडीत तेवढंच अंतर ठेवलं. अक्षरांची ओळख कुठल्या रेघेत असते, हा प्रश्न त्यांनी इतक्या बारकाईने सोडवला की माणसांची ओळख पटवण्याच्या कामात तो टाइप आज निमूटपणे राबतो आहे.

त्यांनी साठच्याच दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेसाठी देवनागरीवरही काम केलं होतं. पासपोर्टच्या खालच्या ओळींत देवनागरीला अर्थातच जागा नाही. तिथे चालतात २६ रोमन मोठी अक्षरं, दहा अंक आणि तो कोन. परिणाम मराठी माणसाला सांगायला नको. काळे आणि काले तिथे एकच होतात.

पण हे आडनावावर निभावलं. ज्यांना आडनावच नाही त्यांची खरी पंचाईत. भारतात एकच नाव लावणारी माणसं पुष्कळ आहेत. फॉर्म मात्र दोन रकाने मागतो. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात', असं छापून येतं आणि पुढे बँकेत, नोकरीत, मुलांच्या शाळेत त्याला त्याच नावाने हाका मारल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने तर पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना प्रवेश देणार नाही असं कळवलं. मग आरडाओरडा झाल्यावर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत आली. नजर ठेवणं म्हटलं की आपण खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. मला विचाराल, तर या साऱ्यात सर्वांत जबरदस्त वस्तू म्हणजे रकाना. कॅमेरा माणूस जसा आहे तसा टिपतो; रकाना माणसाला आपल्या मापाचा करून घेतो.

या पार्श्वभूमीवर सांग मुन या कोरियन तरुणाची गोष्ट मला फार आवडते, आणि ती फसली असंही मला वाटतं. दक्षिण कोरियात लष्करी सेवा सक्तीची. मुनने लिहून ठेवलं आहे त्याप्रमाणे त्या काळातली दोन वर्षं तो अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी गुप्तवार्तेचं काम करत होता. पुढे तो अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ग्राफिक डिझाइन शिकला आणि तिथे त्याने एक टाइप केला: झेड-एक्स-एक्स. नावातच खोच आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या यादीत प्रत्येक भाषेला तीन अक्षरांची खूण आहे. मराठीची 'एम-ए-आर'. ज्या वस्तूत भाषाच नाही, तिची खूण झेड-एक्स-एक्स.

या टाइपचे सहा अवतार. दोन साधे, सरळ वाचता येणारे. उरलेले चार यंत्राला चकवणारे. एकात अक्षरांवर लष्करी गणवेशासारखे पट्टे, दुसऱ्यात ठिपक्यांचा गोंधळ, तिसऱ्यात खऱ्या अक्षराच्या जोडीला भलतंच अक्षर, आणि चौथ्यात प्रत्येक अक्षरावर सणसणीत फुली. माणसाचा डोळा जरा अडखळतो, पण वाचतो. त्या काळची अक्षरं ओळखणारी यंत्रं मात्र गडबडायची. फ्रुटिगरने जो प्रश्न सोडवला होता तोच मुनने उलट्या बाजूने धरला: कुठली रेघ हलवली म्हणजे यंत्र आंधळं होईल आणि माणूस होणार नाही? टाइप त्याने फुकट वाटला. त्याविषयीचा त्याचा लेख मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने जून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेनने त्याच सुरक्षा संस्थेची कागदपत्रं जगापुढे ठेवली. एवढा अचूक मुहूर्त पंचांग बघूनही सापडायचा नाही.

गफलत कुठे? तुम्ही या टाइपात ईमेल लिहिला, तरी संगणकात साठतो तो अक्षराचा क्रमांक. फुली, पट्टे, ठिपके हा पडद्यावरचा पोशाख. पाळत ठेवणारं यंत्र तो पोशाख बघतच नाही. त्याला आतला आकडा आयता मिळतो. छापून, कागद स्कॅन करून पाठवला तरच मुनच्या अक्षरांची खोडी काम करते, आणि यंत्राला ही अक्षरं शिकवली की तीही संपते. न्यूयॉर्कच्या एडम हार्वेने २०१० मध्ये केस आणि रंगांच्या साहाय्याने चेहरा लपवायच्या ज्या तऱ्हा शोधल्या त्यांचं नशीबही हेच. त्या एका ठरावीक पद्धतीविरुद्ध होत्या. यंत्रांनी पद्धत बदलली. मुनला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला लोकांना जागं करायचं होतं आणि ते त्याने केलं. पण जागं करणं वेगळं आणि वाचवणं वेगळं.

हसन इलाहीने अगदी उलट वाट धरली. बांगलादेशात जन्मलेला हा अमेरिकन कलाकार २००२ मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉइट विमानतळावर अडवला गेला. फ्लोरिडात त्याने सामान ठेवायला घेतलेल्या गाळ्यात स्फोटकं असल्याचा संशय होता. चौकशा झाल्या, खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचण्या झाल्या, निष्पन्न काहीच झालं नाही. यापुढे अशी वेळ येऊ नये म्हणून तो प्रवासाला निघण्याआधी एफबीआयला कळवू लागला. मग त्याने स्वतःवर नजर ठेवणारी वेबसाइटच काढली: आत्ता मी कुठे आहे, काय जेवलो, कुठल्या विमानतळावरचं कुठलं स्वच्छतागृह वापरलं. हजारो फोटो, पण एकातही तो स्वतः नाही. मांडणी अशी की बघणाऱ्याला काही धड हाती लागू नये. सगळं दाखवून काहीच न सांगण्याची ही युक्ती मला मुनच्या फुल्यांपेक्षा हुशार वाटते. मात्र ती परवडायला माणसाजवळ कलाकाराचा वेळ आणि नागरिकत्वाचा कागद, दोन्ही लागतं.

आपल्याकडे या विषयाचं सगळ्यात मोठं काम आधारचं. त्याचं बोधचिन्ह एप्रिल २०१० मध्ये जाहीर झालं: लाल-पिवळा सूर्य आणि त्याच्या मधोमध बोटाचा ठसा. लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या स्पर्धेतून निवडलेलं ते चिन्ह अतुल सुधाकर राव पांडे यांचं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोधचिन्ह म्हणून ते उत्तम आहे, यात वाद नाही. अंगठ्याचा ठसा आपल्याकडे निरक्षरतेची आणि कर्जखताची खूण होता. त्याला सूर्यात नेऊन बसवणं म्हणजे डिझाइनने केवढं राजकारण साधलं! आधारच्या बारा अंकांतला शेवटचाही पडताळ्याचाच, डच गणिती फेरहूफ यांच्या १९६९ च्या पद्धतीचा. पासपोर्टवरच्या ७-३-१ पेक्षा तो जास्त चुका पकडतो.

आणि मग येतो मला सर्वांत रोचक वाटणारा कागद. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देत जाऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी झाकलेलं, म्हणजे मास्क्ड, आधार द्या. परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना प्रती जमवता येत नाहीत, असंही त्यात म्हटलं होतं. दोन दिवसांनी, २९ मे रोजी, केंद्र सरकारने ते मागे घेतलं. कारण दिलं की त्याचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो. मी ते पत्रक पुनःपुन्हा वाचलं. मला तरी त्याचा एकच अर्थ लागतो आणि तो बरोबर आहे.

पत्रक गेलं तरी झाकलेलं आधार आहे. त्यात पहिल्या आठ अंकांवर फुल्या असतात, शेवटचे चार अंक दिसतात. सांग मुनच्या चौथ्या अवताराचा हा सरकारी चुलतभाऊ, आणि मुनच्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण इथे फुलीमागे अंक छापलेलाच नसतो. पण त्याच्या डिझाइनबद्दल दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे ई-आधार उतरवून घेताना ही सोय आपण चौकटीत खूण केली तरच मिळते. न मागता मिळतो तो उघडा क्रमांक. हे उलट असायला हवं होतं. दुसरी म्हणजे त्याच कागदावरचा तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन, क्यूआर कोड. त्यात पूर्ण क्रमांक नसला तरी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतोच, आणि तो माणसाच्या डोळ्याला वाचता येत नाही. आपल्यासाठी फुल्या, यंत्रासाठी सगळं खुलं. फ्रुटिगरने यंत्र आणि माणूस दोघांना एकच अक्षर वाचायला दिलं होतं. त्या सौजन्यापासून आपण बरेच लांब आलो आहोत, आणि मला हा प्रवास पुढे जाणं वाटत नाही.

तरीही आज हाताशी आहे ते वापरा. ई-आधार उतरवताना त्या चौकटीत खूण करा, फुल्यांची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, आणि लॉजच्या काउंटरवर झेरॉक्स मागितली तर तीच द्या. काउंटरवरच्याने पूर्ण क्रमांकाचा हट्ट धरला, तर तो कशासाठी हवा आहे आणि कुठे ठेवला जाणार आहे, हे त्याला विचारा.