घरी घडवलेले विमान – भाग ५ : आधी तोल, मग ऑटोपायलट

कांदिवलीच्या चारकोपमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना पाहायला मिळाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीवर विमान घडू शकते का, ही शंका तिथेच मिटली. पण असे एखादे विमान मुंबईहून सोलापूरला आणायचे म्हटले, तर हवाई अंतर भरते सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ताशी दोनशेच्या वेगाने पावणेदोन तास दांडा हातात धरून बसायचे, आणि नकाशा, रेडिओ, इंधनाचा हिशेबही एकट्यानेच सांभाळायचा. अशा वेळी ऑटोपायलट हवासा वाटणे अगदी रास्त आहे. माझा आग्रह आहे तो क्रमाचा. ज्या विमानाचा एलेव्हेटर तोलात नाही, त्यात ऑटोपायलट बसवला की दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

एलेव्हेटर म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाला बिजागरीने जोडलेला मागचा हलता भाग. विमानाचे नाक वर-खाली करणे हे त्याचे काम. त्याचा पहिला तोल वजनाचा. बिजागरीच्या मागचे वजन जास्त असेल तर झोताने शेपूट वर उचलली जाताच एलेव्हेटरची मागची कड खाली रेंगाळते. त्यामुळे शेपटीला आणखी वर ढकलणारा जोर मिळतो. परतीच्या हेलकाव्यातही हेच उलट्या दिशेने घडते. एका ठरावीक वेगानंतर ही फडफड वाहत्या हवेतूनच ताकद घेऊ लागते आणि काही क्षणांत शेपूट मोडू शकते. म्हणून बिजागरीच्या पुढे शिशाचे वजन बसवतात. घरी विमान बांधणारे फसतात ते बहुधा रंगापाशी. तोल आधी जुळवला आणि रंग नंतर दिला, तर त्या रंगाचे बहुतेक वजन बिजागरीच्या मागेच पडते. एलेव्हेटर त्याला हलवणाऱ्या दांड्यांपासून सोडवून, रंगासकट पुन्हा तोलला पाहिजे. ऑटोपायलटची मोटर जोडलेली असली तरी ती फडफड थोपवील यावर विसंबू नये.

दुसरा तोल हवेच्या दाबाचा, म्हणजे ट्रिमचा: हाताने दांडा न दाबताही नाक जागेवर राहील अशी जुळवणी. सहा आसनी विमानात मागची माणसे उतरली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, नाक जड होते आणि ट्रिम बदलावा लागतो. तो न बदलता ऑटोपायलट चालू केला तर त्याची मोटर एलेव्हेटर सतत ओढून धरते. नाक सरळ दिसते, उंची टिकते, वैमानिक निश्चिंत होतो. मग मोटरचा जोर अपुरा पडतो किंवा कोणी बटण बंद करते, आणि इतका वेळ अडवलेला सगळा भार एकदम मोकळा होऊन नाक खाली जाते. जमीन जवळ असेल तर सावरायला जागा उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोटर अधिक दणकट घ्या. पण तिचा जोर मुद्दामच मर्यादित ठेवलेला असतो. ती बिघडली तर वैमानिकाला हाताने तिच्यावर मात करता आली पाहिजे. दुसरा उपाय सुचवला जातो तो ट्रिम आपोआप फिरवणाऱ्या यंत्रणेचा. ती उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. मात्र २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमध्ये नागोयाला उतरताना चायना एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० मध्ये काय झाले, ते विसरून चालणार नाही. ऑटोपायलट चुकून पुन्हा वर चढण्याच्या अवस्थेत गेला होता. वैमानिक दांडा पुढे ढकलून एलेव्हेटरने नाक खाली दाबत होते आणि ऑटोपायलट शेपटीचा आडवा पंखच फिरवून नाक वर नेत होता. पंख त्या टोकाला पोहोचलेला असताना इंजिनांचा जोर वाढला, नाक भलतेच वर उचलले गेले, विमानाने हवेतला आधार गमावला आणि २७१ पैकी २६४ जण मृत्युमुखी पडले. ते अवाढव्य जेट, आपले चिमुकले विमान, तुलना कशाला, असा आक्षेप येईल. पण हाताचा एलेव्हेटर आणि यंत्राचा ट्रिम एकमेकांविरुद्ध झुंजू शकतात, ही गोष्ट आकारावर अवलंबून नाही. शिवाय तिथे दोन वैमानिक होते, इथे एकच.

सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तापलेल्या माळावरून उठणारे हवेचे लोट छोट्या विमानाला सारखे वर-खाली फेकतात. एलेव्हेटरच्या दांड्यांत किंवा तारांत घर्षण असेल तर ऑटोपायलटची बारीक दुरुस्ती आधी अडकते, मग एकदम सुटते, गरजेपेक्षा जास्त होते आणि नाक डुलत राहते. तेव्हा ऑटोपायलटची संवेदनक्षमता कमी करून डुलणे लपवण्याचा मोह होतो. तो टाळून आधी बिजागऱ्या आणि कप्प्या तपासाव्यात.

म्हणून पहिली उड्डाणे ऑटोपायलट बंद ठेवून, सकाळच्या स्थिर हवेत करावीत. ट्रिम लावून दांडा अलगद सोडावा. नाक हळूहळू थोडे वर-खाली होऊन आपसूक स्थिरावले तर ठीक. एकाच बाजूला कलत गेले किंवा हेलकावे वाढू लागले तर खाली येऊन कारण शोधावे. हीच परीक्षा पुढे भार ठेवून आणि मागे भार ठेवून, दोन्ही प्रकारे घ्यावी. ऑटोपायलट बसवल्यावरही तो बंद करताना दांडा आधी घट्ट धरावा, आणि त्या क्षणी हाताला लागलेली ओढ कोणत्या दिशेची व किती होती, ते दर वेळी वहीत नोंदवावे.