विज्ञानाची वारी आणि वाटेवरची शिदोरी

आमचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचं माहेर. वर्धा नदीच्या काठावरच्या या गावातून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला निघते. ही प्रथा १५९४ सालापासूनची, असं सांगतात. महिनाभराहून जास्त चालायचं, तर वारकऱ्यांच्या खिशात पैसे असतात तरी किती? पण वाटेतली गावं आपणहून पुढे येतात. कुणी झुणका-भाकर देतं, कुणी रात्रीपुरती ओसरी मोकळी करतं. ज्याला जायची ओढ आहे, तो पैशावाचून अडू नये, हीच त्यामागची भावना.

आज अशाच एका दुसऱ्या वारीची गोष्ट सांगतो. ही वारी विज्ञानाची बरं का!

जगभरातले शास्त्रज्ञ ठरावीक दिवशी एका गावी जमतात आणि आपापलं संशोधन एकमेकांना सांगतात. त्याला परिषद म्हणतात. आपल्या मेंदूचंच घ्या. वजन दीड किलोसुद्धा नाही, पण त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात! आठवण कशी राहते, झोप का लागते, भीती का वाटते, असे कितीतरी प्रश्न या विषयात आहेत. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या 'सोसायटी फॉर न्यूरोसायन्स' या संस्थेच्या वार्षिक परिषदेला हजारो लोक येतात. त्यात पांढऱ्या केसांचे प्राध्यापक असतात, तशी बारावीनंतर कॉलेजात पदवीचं शिक्षण घेणारी मुलंही असतात.

ही मुलं तिथे काय करतात? आपल्या विज्ञान प्रदर्शनासारखंच! एका मोठ्या कागदावर प्रश्न कोणता, प्रयोग कसा केला, काय आढळलं हे मांडायचं. तो कागद फलकावर लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. येणारे-जाणारे थांबतात, वाचतात, प्रश्न विचारतात. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं पाहिलीत ना? त्यांना एखादा वास कसा लक्षात राहतो, यावरसुद्धा मेंदूचे शास्त्रज्ञ संशोधन करतात.

पण तिथे पोहोचायचं कसं? रेल्वेचं नाहीतर विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, परिषदेची फी, सगळ्यालाच पैसे लागतात. म्हणून काही संस्था प्रवास-पारितोषिकं देतात. 'फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स' ही शिक्षकांची संस्था खास पदवीच्या मुलांना अशी पारितोषिकं देते. साधारणपणे विद्यार्थ्याने आपल्या कामाचा सारांश आणि मार्गदर्शकाचं पत्र पाठवायचं असतं. काम स्वतः केलेलं आहे का आणि ते समजलेलं आहे का, हे त्यातून कळतं.

तुम्ही म्हणाल, "सर, निबंध पोस्टाने पाठवला तर नाही का चालणार? एवढं लांब कशाला जायचं?"

माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. सातवीतल्या या मुलीने वर्गमित्रांना सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा शब्द वाचून दाखवले आणि कुणाला किती आठवतात ते वहीत लिहिलं. प्रदर्शनासाठी तिला अमरावतीला जायचं होतं. वडील म्हणाले, "गुर्जी, दोघाचं तिकीट लागन, वरून माह्यी दिवसभराची मजुरी बुडन. पोरीले कायले धाडू? बक्षीस भेटनच असं थोडीच हाय!" त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही शिक्षकांनी आपसात वर्गणी काढली आणि दोघांनाही नेलं.

बक्षीस मिळालं नाही. पण एक अनोळखी बाई तिच्या टेबलाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बेटा, ही सगळी मुलं आदल्या रात्री सारखीच झोपली होती का गं?" पोरगी गप्प! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगू? माझ्याही आलं नव्हतं. परतताना तिने एसटीतच वही काढली आणि 'झोप किती तास?' असा नवा रकाना आखला. वडील शेजारी बसून पाहत होते.

मुलांनो, असा प्रश्न घरबसल्या मिळत नाही. त्यासाठी अनोळखी माणसांत जावंच लागतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिकायला विलायतेला गेले. त्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकलं, असं सांगतात. पुढे त्यांना तिथे शिष्यवृत्ती मिळाली. परतल्यावर १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. प्रत्येक बापाने शेत का गहाण टाकावं? वाटखर्चाचा थोडा भार समाजानेही उचलायला हवा, नाही का?

आज तुमच्यासाठी काय आहे, तेही सांगतो. शाळेतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची 'इन्स्पायर अवॉर्ड - मानक' योजना आहे. कल्पना निवडली गेली, की नमुना तयार करून जिल्हा प्रदर्शनात मांडण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. कॉलेजात गेल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उन्हाळ्यात काम करायची संधी असते. निवडलेल्यांना विद्यावेतन आणि रेल्वेभाडंही मिळतं. याच संस्थेत शुभा टोले मेंदूवर संशोधन करतात. आठवणी घडवणारा मेंदूचा भाग गर्भात कुठे तयार व्हायचा, हे ठरवण्यात एका जनुकाचा मोठा हात असतो, असं त्यांच्या गटाने २००८ साली दाखवलं.

आता दोन शब्द पालकांसाठी. पुष्कळ ठिकाणी आधी आपण खर्च करायचा आणि पैसे मागाहून मिळतात. म्हणून अर्ज करतानाच "आगाऊ रक्कम मिळेल का?" असं स्पष्ट विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मूल बक्षिसाशिवाय परतलं, तर "काय मिळालं?" असं विचारू नका. "कुणी काय विचारलं?" असं विचारा.

बालमित्रांनो, वाटेवर शिदोरी देणारे भेटतात, पण निघावं आपल्यालाच लागतं. तेव्हा वही उघडा आणि पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा पाहू!