बदकाचे तिकीट

पावतीवर आपण रेव्हेन्यू तिकीट चिकटवतो आणि त्याच्यावरून आडवी सही करतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अमेरिकेत पाणबदकांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील माणसालाही असेच एक तिकीट घ्यावे लागते. कागदी तिकीट असले तर त्यावर शाईने सही हवी. २०२३ च्या कायद्यानंतर मोबाईलवरचे तिकीटही हंगामभर चालते. पोस्टात ते मिळते, पण पत्राला लावून उपयोग नाही. लोक त्याला ‘डक स्टँप’, म्हणजे बदकाचे तिकीट म्हणतात.

हे निघाले कसे? पाणथळ जमिनी चर खणून कोरड्या करायच्या आणि नांगराखाली आणायच्या, असा तिकडे सपाटाच चालला होता. त्यात १९३० नंतर दुष्काळ पडला नि बदके झपाट्याने रोडावली. पक्ष्यांसाठी जमीन घेण्याचा कायदा १९२९ मध्येच झाला होता, पण पैशाची कायमची तरतूद नव्हती. विहीर होती, मोट नव्हती म्हणा ना! ती सोय १६ मार्च १९३४ च्या कायद्याने झाली. पहिल्या तिकिटावरचे चित्र डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढले. वन्यजीवांच्या सरकारी खात्याचे प्रमुखही तेव्हा तेच होते. किंमत एक डॉलर. त्या वर्षी सहा लाख पस्तीस हजार तिकिटे खपली. २०१५ पासून किंमत पंचवीस डॉलर आहे.

मारणाऱ्याच्या पैशाने पक्षी राखायचे, हा कसला न्याय, असे तुम्ही म्हणाल. मलाही तो पुरता पचत नाही. पण बंदुकीने मरतात ती त्या हंगामातली बदके. तळे बुजले की पुढच्या सगळ्या पिढ्यांचा ठावच जातो.

तिकिटाच्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळी राखण्याकडे जातात. आजवर साठ लाख एकरांहून अधिक जमीन अशी राखली गेली आहे. सगळीच विकत घेतलेली नाही. डाकोटाच्या गवताळ मुलखात हिमयुगातल्या बर्फाने कोरलेले असंख्य खळगे आहेत. वसंतात त्यांत पाणी साठते आणि काठच्या गवतात बदके अंडी घालतात. तिथल्या शेतकऱ्याला एकरकमी मोबदला देऊन करार करतात: खळगा बुजवायचा नाही, पाणी काढून द्यायचे नाही. जमीन त्याच्याच नावावर राहते. आपोआप सुकली तर तो त्या जागी पेरूही शकतो. मला तर या साऱ्या योजनेतला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आता संग्राहकांचे पाहू. दरवर्षी नवे चित्र असते, आणि १९४९ पासून त्यासाठी चित्रकारांची स्पर्धा भरते. जिंकणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देत नाही; त्याच्याच चित्राच्या तिकिटांचा एक ताव मिळतो. १९५९ च्या तिकिटावर तोंडात बदक धरलेला शिकारी कुत्रा आहे, तोही संग्राहकांचा लाडका! सहीचे तिकीट त्यांना नको असते, म्हणून काही शिकारी दोन घेतात, एक सहीसाठी आणि एक वहीसाठी. आणि बंदूक कधी हाती न धरलेला माणूसही तिकीट घेतो, तेव्हा त्याचेही ९८ सेंट त्याच निधीत पडतात, बदक मात्र एकही कमी होत नाही.

शाळेतल्या तिकीटवेड्या मुलांना मात्र एक भेद सांगायला हवा. १९३४ चे जुने तिकीट व्यापाऱ्याकडून कितीही मोल देऊन घेतले, तरी ते पैसे व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जातात, तळ्याला त्यातले काही मिळत नाही. म्हणून पक्ष्यांची कळकळ असलेले संग्राहक जुन्याच्या मागे लागले, तरी चालू वर्षाचे तिकीट पोस्टातून घेतातच. १ जुलैला त्याचे वर्ष सुरू होते.