अनेक संकेतस्थळांवरील प्लगइनांचे नूतनीकरण

विरारमधील एखादा तंत्रज्ञ दवाखाना, शिकवणीवर्ग, दुकान अशा वीस ग्राहकांची वर्डप्रेसवरील संकेतस्थळे सांभाळतो असे मानू. प्रत्येकावर पंधरा प्लगइन असल्यास देखरेखीच्या नोंदी तीनशे होतात. आणि तेच प्लगइन अनेक ठिकाणी असल्याने एक दोष सर्वांनाच बाधतो. सप्टेंबर २०२० मध्ये सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनमध्ये, परवलीच्या शब्दावाचूनही परक्यास सर्व्हरवर फाइल चढविता येईल असा दोष आढळला. दुरुस्त आवृत्ती ६.९ निघण्यापूर्वीच हल्ले सुरू झाले होते. अशा वेळी नूतनीकरणाने दार बंद होते. आत शिरलेली फाइल मात्र शोधूनच काढावी लागते.

विलंब घातक, तशीच घाईही. जुलै २०२४ मधील ६.६ आवृत्तीपासून स्वयंचलित नूतनीकरणात घातक त्रुटी उद्भवल्यास वर्डप्रेस प्लगइनची जुनी आवृत्ती पुन्हा बसविते. तथापि त्रुटी न दाखविता मुकाट बंद पडलेला दुकानाचा मागणी-अर्ज त्यास ओळखता येत नाही. म्हणून सुरक्षाविषयक दुरुस्ती, प्रत राखून, तत्काळ सर्वत्र करावी. इतर बदल प्रथम चाचणीच्या प्रतीवर पारखावेत. कोणते प्लगइन कोठे आहे, याची अद्ययावत यादी हाच या दोहोंचा पाया होय.