अर्थशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज: कांदा, उचल आणि गणित

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. "अर्थशास्त्र शिकायचंय, पुण्याला, दिल्लीला, जमलं तर बाहेर, अर्ज भक्कम कसा करायचा?" विचारणारे बरेचसे नगर जिल्ह्यातले. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण बोलताना तोंडात नगरच येतं. पारनेर, शेवगाव, पाथर्डी, जामखेड. म्हणून आज उदाहरणंही तिथलीच घेऊ.

सुरुवात गणितापासून करावी लागेल, कारण तिथे दार बंद झालं तर पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

दहावी झाली की आपल्याकडे ठरतं: मार्क जास्त तर सायन्स, मधले तर कॉमर्स, बाकीचे आर्ट्स. अर्थशास्त्र आर्ट्समध्ये आहे म्हणून मुलगी आर्ट्सला जाते आणि त्याच दिवशी गणित सुटतं. राज्य मंडळाचा गणित आणि संख्याशास्त्र हा विषय कला शाखेलाही घेता येतो, पण तालुक्याच्या कितीतरी कनिष्ठ महाविद्यालयांत आर्ट्सच्या वर्गाला तो शिकवतच नाहीत. म्हणजे पर्याय फक्त कागदावर. पुढे दोन वर्षांनी तीच मुलगी दिल्ली विद्यापीठाच्या बी. ए. ऑनर्स अर्थशास्त्राची माहिती वाचते, तेव्हा कळतं की सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर तिथे धरतात. पंधराव्या वर्षी, कुणी काही न सांगता, हा निर्णय होऊन गेलेला असतो. आम्हाला विचाराल तर अर्थशास्त्राच्या प्रवेशात मुलं सर्वांत जास्त इथे गळतात, आणि याची चर्चा सर्वांत कमी होते. ऐकणाऱ्यांत कुणी नववी-दहावीच्या मुलांचे पालक असतील तर एवढं एक वाक्य घरी घेऊन जा: अर्थशास्त्र करायचं असेल तर गणित सोडू नका. शाखा कुठलीही चालेल.

ज्यांचं सुटलंच आहे त्यांचं काय? बी. ए. ला असाल तर रस्ता आहे, फक्त वेळ लागतो. एम. ए.ला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटी-पीजी आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला तर एक पेपर जवळजवळ सगळा गणिताचाच. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, 'स्वयम्'वर पदवीच्या पातळीचे गणिताचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळतं. आधी फलन आणि आलेख, मग विकलन, मग मॅट्रिक्स, मग संभाव्यता. रोज तास-दीड तास, आणि निदान एक वर्ष. अर्जात या प्रमाणपत्राला वजन येतं, कारण वाचणाऱ्याला दिसतं की गुणपत्रिकेत जी उणीव होती ती या विद्यार्थ्याने ओळखली आणि भरून काढली.

आता अर्जातला निबंध. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात तो. सगळ्याच संस्था मागत नाहीत, काही ठिकाणी नुसती परीक्षा असते. पण जिथे मागतात तिथे आपली मुलं काय लिहितात? "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे." लहानपणापासून कुणालाही अर्थशास्त्राची आवड नसते हो. आवड असते ती गोट्यांची. दुसरं वाक्य अॅडम स्मिथ अर्थशास्त्राचे जनक असल्याचं, तिसरं देशाची सेवा करण्याचं. अशा शंभर अर्जांतून कोणाचंही नाव लक्षात राहणार नाही.

त्याऐवजी कांदा घ्या.

उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो. विकायचा की चाळीत टाकायचा, हा प्रश्न त्या घरात दरवर्षी असतो. आपण हिशेब मांडू; आकडे आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. शंभर क्विंटल कांदा, काढणीच्या वेळचा भाव १,२०० रुपये. आज विकला तर १,२०,००० रुपये हातात. चाळीत पाच महिने ठेवला, वजनातली घट आणि सड मिळून तीस टक्के गेला, तर सत्तर क्विंटल उरला. नुसती बरोबरी साधायची तरी भाव १,७१४ हवा. आता त्या पैशावर पाच महिन्यांचं व्याज धरा, वर्षाला बारा टक्क्यांनी म्हणजे पाच टक्के. तेव्हा १,८०० हवा. म्हणजे भाव दीडपट झाला तरी फायदा शून्य, आणि निवडायची मजुरी, चाळीचा खर्च अजून धरलेलाच नाही. मग शेतकरी साठवतो का? आणि ज्याला चाळ आहे, तोही कधीकधी लगेच का विकतो? सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, पोरीचं लग्न असतं, किंवा मागच्या वर्षी भाव पडलेला आठवत असतो. इथे अर्थशास्त्र सुरू झालं: अपेक्षा, जोखीम, रोख पैशाची निकड.

पुढे जा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क ठेवलं. डिसेंबरात बाजारात असतो तो मुख्यतः खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही. म्हणजे बंदीचा फटका अशा शेतकऱ्याला बसला ज्याला थांबून बघण्याची सोयच नव्हती. "निर्यातबंदीने शेतकऱ्याचं नुकसान झालं" हे तर चावडीवर सगळेच म्हणतात. "कोणत्या कांद्याच्या, कोणत्या महिन्यात विकणाऱ्या शेतकऱ्याचं किती" हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि अॅगमार्कनेटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव मिळतात. सहा महिन्यांचे आकडे वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा, आवक आणि भाव यांचा आलेख काढा, दोन पानं लिहा. निष्कर्ष मोठा नसला तरी हरकत नाही. मुलाखतीत कुणी विचारलं, "भाव पडला तो बंदीमुळे की आवक वाढल्यामुळे, हे कसं ओळखलंस?" आणि तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकाच वेळी झालं, एवढ्या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही, त्यासाठी मला हे हे लागेल," तर तुमचं काम झालं.

दुसरं उदाहरण जरा अवघड आहे, पण ते टाळून चालणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, टनावर मजुरी मिळणार, उचल त्यातून फिटणार. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. ज्यांच्या घरात हे आहे, त्यांना अर्ज भरताना कुणीतरी सल्ला देतं: "गरिबी लिही, सहानुभूती मिळेल." आमचं मत याच्या उलट आहे. हाल सांगायचे तर एका वाक्यात सांगा आणि पुढे तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा. तुम्हाला आतून माहीत आहे की उचल म्हणजे कर्जही आहे आणि मजुरीचा करारही आहे, एकाच माणसाशी केलेला. व्याज उघडपणे कुठे दिसत नाही, मग ते कुठे लपलंय? टनाच्या दरात? पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे न जाता येण्यात? पाऊस पडला, फड बंद राहिला, तर त्या दिवसांचा तोटा कोणाचा? अमित भादुरी यांनी १९७३ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात जमीनमालक हाच सावकार असेल, तर कुळाचं उत्पन्न वाढून कर्ज कमी होणं त्याच्या हिताचं नसू शकतं, असा युक्तिवाद होता. तो वाचा, मग आपल्या घरची उचल त्यात बसते का तपासा. कदाचित बसणार नाही. का बसत नाही, हे लिहिलंत तर तो परिच्छेद दुसरं कुणी लिहू शकणार नाही. फक्त घरच्यांना विचारून लिहा. घरातलं कर्ज चारचौघांत मांडायचं की नाही, हा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही.

गावातला प्रश्न मोठ्या संस्थेत हलका ठरेल, अशी भीती मुलांना वाटते. तिला नगर जिल्ह्यानेच उत्तर दिलेलं आहे. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. केंब्रिजला शिकलेला माणूस. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली, घरोघरी, शेतोशेती. आणि प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमाराला तो सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ होते. पुढे तेच नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या लेखी वाईची शेतं, लोणीचा कारखाना आणि दिल्लीचा आयोग हा एकच विषय होता. त्याच गोखले संस्थेत तुम्ही आज अर्ज करता, तेव्हा उसाबद्दल लिहायला लाजायचं काय कारण?

बाबासाहेबांचंही तेच. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे होतात, ते जोडा, असं तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला: शेत लहान की मोठं हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती माणसं आणि किती भांडवल लागलंय यावरून ठरतं, शेतीवरची जास्तीची माणसं उद्योगांत गेल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही. दोन-चार एकरवाल्या कुठल्याही घरात हा वाद आजही चालू आहे.

बाबासाहेबांवरून शिफारसपत्राचा विषय आठवला. कोलंबियातून ते १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, तेव्हा त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं होतं. सेलिग्मन यांनी त्यांना शिकवलं होतं, काम पाहिलं होतं, आणि ज्याला पत्र लिहिलं तोही त्याच विषयातला. आपल्याकडे मुलं कोणाचं पत्र आणतात? प्राचार्यांचं, ज्यांनी त्यांना कधी वर्गात पाहिलेलं नसतं. एखाद्याने तर आमदारांचं आणलेलं असतं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. त्याचा काही उपयोग नाही. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमची वही तपासली, त्यांच्याकडे दोन महिने आधी जा. कांद्याची ती दोन पानं त्यांना वाचायला द्या. "मेहनती व होतकरू" एवढंच लिहिलेल्या पत्रापेक्षा, या मुलीने स्वतः आकडे गोळा केले आणि चूक दाखवल्यावर आठवड्यात दुरुस्त करून आणली, असं सांगणारं साधं पत्र कितीतरी जड असतं.

परदेशाबद्दल थोडंच, कारण ते फार थोड्यांना लागू आहे. ब्रिटनमध्ये पदवीला जाणाऱ्यांसाठी पूर्वीचा सलग निबंध २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत वाटला आहे: हा विषय का, शिक्षणाने कशी तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. केंब्रिज आणि लंडन स्कूलच्या अर्थशास्त्राला वेगळी गणिताची परीक्षाही आहे. पैशाचं म्हणाल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी मात्र नीट वाचा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीला परत येऊन संस्थानची नोकरी करण्याची अट होती, आणि तिची मुदत संपल्यामुळेच १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले.

आता दोन प्रश्न घेतो. पहिला: "मराठी माध्यम आहे, इंग्रजी कच्चं आहे." सीयूईटीची पदवी प्रवेशाची परीक्षा तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. निबंध मात्र बहुधा इंग्रजीत लागतो. तो आधी मराठीत लिहा, पूर्ण, आणि मग स्वतः इंग्रजीत न्या, छोट्या छोट्या वाक्यांत. व्याकरण कुणाकडून तपासून घ्या. सायबर कॅफेतून तयार निबंध आणू नका. मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतात आणि मुलगा गप्प बसतो.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा, आणि हा फार महत्त्वाचा आहे. राज्याचं ओबीसी प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र लागतं, तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते, आणि प्रमाणपत्र कधीचं चालेल हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. एसईबीसी हा प्रवर्ग राज्यापुरता आहे, केंद्रीय संस्थांच्या अर्जात तो रकानाच नसतो. त्या विद्यार्थ्यांनी ईडब्ल्यूएसच्या अटींत आपण बसतो का ते पाहावं. तहसीलला मे-जूनमध्ये किती गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रावर जा, आणि अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते तिथेच बघून घ्या.